उकंडाचा दम आणि कॅनडाचे वीस सेकंद

माझ्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मी झालो तेव्हा याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. असलं नाव ऐकलं की मरण तोंड फिरवून निघून जातं, असा आमच्या तांड्यावरचा समज. मरण गेलंच. त्याच्याबरोबर बाकीच्यांनीही तोंड फिरवलं. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा माझं नाव पुकारल्यावर मी 'हजर' म्हणेपर्यंत पुढच्या दोघांची हजेरी होऊन गेलेली असायची. वर्षाअखेर कळलं की मी वर्षभर गैरहजर होतो.

त्यात मास्तरांची चूक नव्हती. मी मुळातच सावकाश. लग्नानंतरच्या पहिल्याच वेचणीला हे लालीबाईच्या, माझ्या बायकोच्या, ध्यानात आलं. ती कापसाची एक ओळ संपवून दुसरीनं परत आली, तेव्हा मी कमरेची ओटी नीट बांधत होतो. तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुमी धुऱ्यावर बसा. मधात उभे राह्यले की मले वळसा घालून जा लागते." धुरा म्हणजे शेताचा बांध. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलतो, पण ती इथं सांगून तुम्हाला अडचणीत टाकत नाही.

देवानं मला एकच गोष्ट हात सैल सोडून दिली होती. दम. तळ्यात बुडी मारली की काठावरचे लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे, मग माझ्या याडीला बोलवायला धावायचे. एवढ्या दमाचं करायचं काय, हे कुणाला सुचेना. शेवटी ते माझ्या चुलतभावाला, अमरसिंगला सुचलं. तो तांड्याच्या कबड्डी संघाचा कप्तान. अंगानं सागाच्या ओंडक्यासारखा, आणि पकडीला असा की त्याच्या हातात पाय सापडला तर माणूस पाय तिथंच ठेवून घरी जायचा विचार करी.

आमचा संघ गुणांनी पुढं असला आणि वेळ थोडा उरला की अमरसिंग म्हणायचा, "उकंड्या, जा बा, फिरून ये."

मी जायचो. निदान रेषा ओलांडायची, कारण ती ओलांडल्याशिवाय परत आलं तर गडी बाद. ती ओलांडली की माझं काम सुरू. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, कुणाच्या तरी शेतात चुकून शिरलेल्या माणसासारखं. ते पुढं आले की मी मागं, ते मागं गेले की मी पुढं. तोंडानं एका सुरात कबड्डी कबड्डी, पिठाच्या गिरणीसारखं. दुसऱ्यांचा दम जिथं संपायचा तिथं माझा नुकता गरम व्हायचा. समोरचे शिव्या द्यायचे, प्रेक्षक बिड्या पेटवायचे. मग कधीतरी मी परत यायचो, रिकामा. कुणाला हात लावून बाद केल्याचं मला आठवत नाही. एकदा महागावला एकाला लागला होता, पण तो आधीच बाद होऊन बाहेर चालला होता.

असा मी आमच्या भागातला नावाजलेला खेळाडू होतो. वेळ खाणारा. 'गोगलगाय' म्हणायचे. पण ज्यांच्याविरुद्ध खेळायचो तेच म्हणायचे, त्यामुळं मला तो मान वाटायचा.

मग दोन हजार पाचचा हंगाम आला. कापसाचा भाव बसलेला. खरेदीची केंद्रं कमी झालेली, आणि जी उघडी होती तिथं आज बारदाना, म्हणजे पोती, नाही, उद्या जागा नाही, परवा ग्रेडर नाही. ग्रेडर म्हणजे कापसात हात घालून तो कोणत्या प्रतीचा ते ठरवणारा साहेब. ढाणकीच्या बाहेर एक केंद्र होतं. तिथं फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे. आम्ही तांड्यावरच्या चार गाड्या घेऊन गेलो आणि वळणाच्याही पलीकडं उभे राहिलो. लालीबाई सोबत आली होती, कारण तिच्या मते मला एकट्याला रांगेत सोडलं तर रांग निघून गेली असती आणि मी तिथंच राहिलो असतो.

रांगेत माणसं राहायला लागली. तीन दगडांच्या चुली मांडल्या, गाडीच्या दांडीला धोतरं वाळायला लागली. कुणाची सोयरीक तिथंच जुळली. आणि भांडणं झाली. आमच्या तांड्याचे बैल नाल्यावर पाणी प्यायला गेले, तेवढ्यात ढाणकीवाल्यांनी आपल्या गाड्या आमच्या पुढं सारल्या. अमरसिंग जू उपसून धावला. तिकडून ढाणकीचा इंद्रजित गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, घेऊन आला. उंच, देखणा गडी. त्यांच्या कबड्डी संघाचा पहिला चढाईपटू. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि त्यांच्या मागं दोन गावं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. नागोराव गुरुजी होते. फुलसावंगीच्या शाळेतून निवृत्त झालेले, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालणारे आणि तालुक्यातले कबड्डीचे पंच. शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम असायची. त्यांचीही गाडी रांगेत होती.

"डोके फोडाची कायले घाई आहे?" ते म्हणाले. "ग्रेडर आठ दिस येत नाही. अथी मोकळं मैदान आहे, सात-सात गडी आहेत. कबड्डी खेळा. जो गाव जिंकन, त्याच्या गाड्या पुढं."

लोकांना ते पटलं. म्हणजे भांडण करून कंटाळा आला होता. रांगेतल्या सहा गावांचे संघ झाले. मला मनातून गुदगुल्या झाल्या. एकदा आम्ही पुढं गेलो की बाकीचा वेळ मी खाणार होतो, आणि मग आमच्या गाड्या फाटकाशी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सावकाशपणामुळं कुणीतरी लवकर पोचणार होतं.

तिथं राजदीप आडवा आला. गुरुजींचा मुलगा. सरकारी स्कॉलरशिपवर कॅनडात रेजायना नावाच्या शहरात मातीचं शास्त्र शिकत होता आणि सुटीवर आला होता. बापाला गाडीवर झोपायला लागू नये म्हणून रांगेत तो स्वतः झोपायचा. एके दुपारी चहाच्या टपरीवर त्यानं लॅपटॉप उघडला आणि आम्हाला तिकडचा फुटबॉल दाखवला.

तो फुटबॉल पायानं खेळत नाहीत. एवढं मोठं मैदान, बारा-बारा माणसं, डोक्यावर मडक्यासारखे टोप. चेंडू काखेत धरून एकमेकांवर जाऊन आदळतात, ढीग होतो, पंच ढीग उपसतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. राजदीप तिथल्या विद्यापीठाच्या सामन्यांना बाजूला उभा राहून अंतर मोजायची साखळी धरायचा, म्हणून त्याला सगळं ठाऊक.

"तीन संधी असतात," तो म्हणाला. "तेवढ्यात दहा यार्ड जा लागते. नाही गेले तं चेंडू समोरच्याचा. अन् प्रत्येक वेळी पंचानं चेंडू ठेवून शिट्टी मारली, की वीस सेकंदांच्या आत डाव सुरू करा लागते."

"नाही केला तं?" गुरुजींनी विचारलं. ते चहा विसरले होते.

"पाच यार्ड मागं. अन् शेवटच्या तीन मिनिटांत केलं, तं संधीच जाते. बाजूच्या देशात, अमेरिकेत, चाळीस सेकंद देतात अन् संधीही चार. तिथं पुढं असलेला संघ काय करते, चेंडू घेते, गुडघा टेकते, घड्याळ पाहत बसते. कॅनडात ते जमत नाही. वीस सेकंदांत घड्याळ किती खाशील? म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत दोनदोनदा सामना फिरते."

"मंग पुढं असलेला संघ करते काय?" मी विचारलं.

"खेळते, काका."

"पुढं असूनही?"

"पुढं असूनही."

मला हे अन्यायाचं वाटलं. पुढं गेल्यावरही खेळायचं असेल तर माणसानं पुढं जायचं कशाला?

"अजून एक आहे," राजदीप म्हणाला. "घड्याळ संपलं तरी सामना लगेच संपत नाही. चेंडू थांबलेला असताना वेळ सरली, तं आणखी एक डाव देतात. शेवटचा."

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मी म्हणेन. पंधरा वर्षं त्यांनी हातात शिट्टी घेऊन माझ्या चढाया पाहिल्या होत्या, आणि एकदाही ती वाजवायला त्यांना कारण मिळालं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाले, "याले म्हणते कायदा!"

संध्याकाळी गाडीवर उभं राहून त्यांनी जाहीर केलं. चढाई शिट्टीपासून वीस सेकंदांत पुरी करायची. नाहीतर समोरच्याला एक गुण. शेवटच्या तीन मिनिटांत उशीर केला, तर गुण जाईल आणि गडीही बाद. आणि वेळ सरल्यावर, ज्याची पाळी असेल त्यानं एक शेवटची चढाई करायचीच.

"गुरुजी," मी खालून ओरडलो, "हा कॅनडाचा कायदा आहे! तथी बरफ पडते. माणूस थांबला तं गोठते, म्हणून ते घाई करतात. आपल्याले कायले पायजे?"

लोक इतके हसले की बैल बिचकले. गुरुजींनी वही काढून माझी तक्रार नोंदवल्यासारखं केलं आणि वही खिशात ठेवली. त्यांच्याकडं पेनच नव्हता.

पहिल्या सामन्यात मी कायद्याला पळवाट शोधली. शिट्टी चढाईपटूनं मधली रेषा ओलांडली की वाजायची. मग रेषेपर्यंत पोचायलाच किती वेळ लावायचा हे माझ्या हातात होतं. मी आधी लंगोट घट्ट केला. मग माती कपाळाला लावली. चारही दिशांना नमस्कार केला, पूर्वेला दोनदा. मग शिंकलो. शिंक आल्यावर निघू नये म्हणून थांबलो. आम्ही तो सामना जिंकलो.

दुसऱ्या सामन्याआधी गुरुजी आणि राजदीप डोकं जोडून बसले. आल्यावर गुरुजी म्हणाले, "आता आधीची चढाई सरली, की मी लगेच शिट्टी मारीन. तू तयार अस, नाई तं नस."

"तिकडं असंच आहे, काका," राजदीप म्हणाला. त्याला माझी दया आल्यासारखी दिसली. "पंच कुणासाठी थांबत नाही."

त्या दिवशी शिट्टी वाजली तेव्हा मी पश्चिमेला नमस्कार करत होतो. निम्मा वेळ तिथंच गेला. उरलेल्यात धावत गेलो, निदान रेषेत पाय घातला, धावत आलो, आणि मैदानाबाहेर जाऊन ओकलो. लालीबाईनं पाणी आणून दिलं. "तुमाले पळता येते?" तिनं विचारलं. सात वर्षांच्या संसारात तिला हे नवीन होतं.

अमरसिंगनं मला बसवलं. मी गाडीवर कापसावर पडून पुढचा सामना पाहिला. आणि बाजूला पडून नुसतं पाहणाऱ्या माणसाला जे दिसतं ते मला दिसलं. चढाईला येणारा प्रत्येक गडी घाबरलेला होता. आमच्या सात जणांना नाही, घड्याळाला. पहिले दहा-बारा सेकंद तो नीट खेळायचा. मग कुणीतरी बाहेरून ओरडायचं, आणि तो एकदम खोल घुसायचा, नाहीतर उरल्या जिवानं पाठ फिरवून पळायचा. वेळ कसा जातो हे ज्यानं जन्मभर पाहिलं, त्याला कुठल्या क्षणी माणसाचा धीर सुटतो ते कळतं.

मी खाली उतरून अमरसिंगला म्हणालो, "पकडाले पुढं जाऊ नका. सगळे मागच्या रेषेवर उभे राहा. त्याले येऊ द्या. घड्याळ त्याले ढकलत तुमच्यापाशी आणून देईन. तवा पकडा."

अमरसिंगनं मला खालून वर पाहिलं. "म्हणजे काहीच नाही कराचं?"

"पयले काहीच नाही."

"हे तुले बरं सुचलं," तो म्हणाला. पण करून पाहिलं. समोरचे एकामागून एक येऊन अमरसिंगच्या कुशीत पडायला लागले. आम्ही अंतिम सामन्यात गेलो. त्या रात्री तांड्याच्या बायकांनी चुलीपाशी माझं कौतुक केलं आणि मला निखाऱ्यावरचं मधलं, फुगलेलं कणकेचं बट्टं वाढलं. मी रणनीतीवर बोललो. बराच वेळ बोललो, असं लालीबाई म्हणते.

माझं बोलणं ढाणकीवाल्यांच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं असावं. कारण अंतिम सामन्यात तेही मागच्या रेषेवर जाऊन उभे राहिले.

असा सामना त्या भागात झाला नसेल. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, लोक कापसाच्या ढिगांवर चढून बसलेले. दोन्ही संघ मागं, दोन्हीकडचे चढाईपटू मैदानाच्या मधोमध एकटे, आणि चारी बाजूंनी लोक मोठ्यानं आकडे मोजतायत. सोळा, सतरा! की तो गडी दचकून उडी घ्यायचा. इंद्रजित मात्र दचकत नव्हता. दर वेळी शेवटच्या आकड्याला कुणाच्या तरी पायाला बोट लावून निघून जायचा. शेवटच्या तीन मिनिटांत सामना दोनदा फिरला, राजदीपनं सांगितला होता तसाच. अमरसिंगनं इंद्रजितच्याच एका गड्याला उचलून आपटलं आणि आम्ही एका गुणानं पुढं आलो. पण त्यात अमरसिंगचा घोटा मुरगळला. आमच्याकडचे बाकीचे बाद होत होत बाहेर गेले होते. मधल्या काळात मला बदली म्हणून आत घेतलं होतं. शेवटी आत राहिलो दोघं. अमरसिंग, ज्याला उभं राहता येत नव्हतं, आणि मी, ज्याला तेवढंच येत होतं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. आमच्या बायकांनी आरोळी मारली. जुन्या कायद्यानं आम्ही जिंकलो होतो.

"शेवटची चढाई!" गुरुजी ओरडले. "पाळी तांड्याची!"

अमरसिंग जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला, "उकंड्या, निदान रेषेले पाय लाव अन् पळत ये. फिरू नको. माय शप्पथ, फिरू नको."

काम इतकं सोपं होतं की आजही मला झोपेत ते नीट करता येतं. शिट्टी झाली. मी पळत गेलो. निदान रेषा ओलांडली. समोर ढाणकीचे गडी, सगळे पार मागच्या रेषेवर, इंद्रजित कोपऱ्यात. आणि मधे एवढं मोठं मोकळं मैदान. पंधरा वर्षं मी लोकांच्या हातांमधून वाट काढत फिरलो होतो. अशी ऐसपैस जागा मला कुणी कधी दिली नव्हती. दम छातीत असा भरला होता की बोलायला नको. पाय आपोआप डावीकडं वळले. मग उजवीकडं. कबड्डी कबड्डी, गिरणी सुरू. लोक मोजत होते आणि मला वाटलं ते माझ्यासाठी ओरडतायत.

"अहो, पळा!" हा आवाज लालीबाईचा. ती गाडीच्या कठड्यावर उभी होती. "पळा म्हणते ना मी!"

मी पळालो. इंद्रजित मागून झेपावला. त्याचा हात माझ्या पाठीवरून घसरला, मी कोलांटी घेऊन मधल्या रेषेपलीकडं पडलो, उठलो आणि दोन्ही हात वर केले. आमच्या बाजूला कुणीच ओरडत नव्हतं. वीस सेकंद सरल्याची गुरुजींची शिट्टी मी रेषा ओलांडायच्या आधीच वाजली होती. त्यांनी बोट वर केलं. गडी बाद, समोरच्याला गुण. बरोबरी.

अमरसिंगनं डोळे मिटून घेतले. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "दम होता अजून."

"माहीत आहे," तो म्हणाला.

बरोबरी झाल्यावर काय करायचं, याचा कायदा गुरुजींनी केला नव्हता. सगळे राजदीपभोवती गोळा झाले. कॅनडात बरोबरी झाली की दोन्ही संघांना आळीपाळीनं ठरावीक अंतरावरून चढाई देतात, असं काहीतरी तो सांगत होता, आणि ते अंतर कबड्डीत कुठून मोजायचं यावर वाद सुरू झाला होता, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "फाटक उघडलं!"

मैदान क्षणात रिकामं झालं. कोण जिंकलं हे कुणाला आठवलं नाही. ज्याची गाडी जिथं होती तिथून त्यानं बैल जुंपले. मी आमच्या गाडीशी पोचलो तर बैल जुंपलेले होते आणि कासरा लालीबाईच्या हातात होता. "बसा," ती म्हणाली, "नाई तं मांगून या."

सामने पाहायला म्हणून तिनं आमची गाडी मैदानाच्या कडेला आणून लावली होती, आणि मैदान फाटकाला लागून. आम्ही फाटकातून तिसरे आत गेलो. अंतिम सामना जिंकून जे मिळालं असतं, ते न जिंकताच मिळालं.

ग्रेडर साहेब आत खुर्चीवर बसले होते. प्रवासानं दमलेले दिसले. हातात चहाचा कप. पहिल्या गाडीशी त्यांनी बराच वेळ लावला. कापूस उचलला, फुंकला, ठेवला, चहा घेतला, फोनवर बोलले. दुसऱ्या गाडीला तसंच. मागं फाटकापाशी दाटलेल्या गर्दीतून एक आवाज आला, "एक!" मग दहा-बारा आवाज आले, "दोन!" आणि मग सगळी रांगच मोजायला लागली. सहा गावांची माणसं, पंधरवड्याची तुंबलेली. साहेब दुसऱ्या गाडीवरून आमच्या गाडीशी आले. त्यांना कळेना हे काय चाललंय. त्यांनी आमच्या कापसात एक हात घातला, दुसऱ्या हातात कप, आणि लोक म्हणाले, "वीस!" आणि गुरुजींनी, सवयीनंच म्हणतो मी, जोरात शिट्टी मारली.

साहेब दचकले. कप उलटला. चहा आमच्या कापसावर.

साहेबांनी कापसाकडं पाहिलं, शर्टाच्या बाहीकडं पाहिलं आणि म्हणाले, "याला डाग आहे. खालची प्रत."

मी तोंड उघडलं. काय बोलायचं याचा विचार सुरू केला. मुद्दे चांगले होते. चहा कुणाचा होता हा पहिला मुद्दा. पण माझा पहिला मुद्दा ओठांशी यायच्या आत लालीबाई चाकावर पाय देऊन वर चढली होती. तिनं दोन्ही हातांनी तेवढा ओला कापूस उचलला, पदरात टाकला, खाली उतरली आणि साहेबांसमोर उभी राहिली. "आता पाहा साहेब," ती म्हणाली. "डाग माह्या पदरात आहे. गाडीतला कापूस पांढरा आहे."

साहेबांनी पुन्हा हात घातला. कापूस पांढरा होता. तो लालीबाईनं वेचलेला. त्यात पातीकचरा सापडायचा नाही. (मी वेचलेला खालच्या थरात होता, थोडासाच.) साहेबांच्या ओठांवर हसू आलं की काय मला सांगता येत नाही, पण ते म्हणाले, "बरं बाई. वरची प्रत लिहा." मग मागं वळून गर्दीला म्हणाले, "मोजा तुम्ही. पण शिट्टी नको बाबा." त्या दिवशी केंद्र बंद होईपर्यंत लोक मोजत होते, आणि बऱ्याच गाड्या खाली झाल्या. दुसऱ्या दिवशी बारदाना संपला आणि मोजायला काही उरलं नाही.

चहाचा कापूस याडीनं उशीत भरला. झोपताना वास यायचा.

पुढच्या हिवाळ्यात नागोराव गुरुजी स्कूटर घेऊन तांड्यावर आले. मला वाटलं, झालेल्या सामन्याबद्दल अजून काही राहिलं असेल. ते म्हणाले, "आमच्या तालुक्यात आता वीस सेकंदांचाच कायदा चालन. वेळेवर लक्ष ठेवणारा पंच पायजे."

"मी?" मी म्हणालो.

"चोराले चोराच्या वाटा माहीत असतात," गुरुजी म्हणाले. "कोण कुठी वेळ खाऊन राह्यला हे तुह्याइतकं कोणाले दिसते?"

लालीबाईनं विचारलं, "याईले शिट्टी द्याल? ते वाजवाले किती वेळ घेतीन, ठाऊक आहे ना?"

पण मी शिट्टी घेतली. पहिल्या सामन्यात घड्याळ सुरू केलं आणि बंद करायचं विसरलो. त्या चढाईला लोक अजून सर्वांत लांब चढाई म्हणतात. दुसऱ्या सामन्यापासून जमलं. लंगोट घट्ट करणारे, माती लावणारे, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधणारे, सगळे माझ्या नजरेत यायचे. ज्याला बूटच नाही असा एक जण नाडी बांधायला खाली वाकला, त्यालाही मी पकडला. लोक म्हणायला लागले, उकंडाभाऊ फार कडक पंच आहेत. कडक हा शब्द माझ्या नावाशेजारी ऐकून याडी कावरीबावरी झाली.

तालुक्याबाहेरचं पहिलं बोलावणं आलं ते राजूरहून, वणीकडच्या कोळशाच्या खाणीवरून. तिथल्या कामगारांच्या दोन संघांचा सामना होता. गुरुजी आणि मी गेलो. मैदान काळं, खेळाडू काळे, रेषा तेवढ्या पांढऱ्या. शेवटच्या तीन मिनिटांत त्यांचा लाडका गडी निदान रेषेपलीकडं रेंगाळला, आणि मी बरोबर वेळेला शिट्टी मारली. इतकी बरोबर की गुरुजींनीही माझ्याकडं अभिमानानं पाहिलं. मग त्या गड्याच्या बाजूचे, खाणीतल्या अख्ख्या पाळीचे कामगार मैदानात उतरले.

गुरुजींची स्कूटर तिथंच राहिली. आम्ही कोळशाच्या ट्रकवर मागं चढलो आणि वणीच्या रस्त्याला लागलो. ट्रकवाल्यानं मागं वळून विचारलं, "कोण जिंकलं, भाऊ?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मी गुरुजींकडं. ते पाहायला आम्ही थांबलो नव्हतो.